राहून गेलेल्या दोन पट्ट्या

डॉ. स्वानंद भाटवडेकरला नाकाविषयी बोलतं करणं फार सोपं होतं, आणि थांबवणं तितकंच अवघड. डोंबिवली पूर्वेला त्याचं छोटंसं हॉस्पिटल होतं. नाकाची ऑपरेशनं तो करायचाच, पण त्याहून जास्त त्यावर व्याख्यानं द्यायचा. बायको क्षिप्रा भूलतज्ज्ञ होती, त्याच्याच ऑपरेशनांना उभी राहायची. ती म्हणायची, "लोकांना मुलांचं कौतुक असतं, ह्याला दुसऱ्यांच्या नाकांचं."

त्याचा आवडता विषय एकच होता. नाकावरचा उंचवटा काढल्यावर पुढे नाकाचा कणा खचू नये म्हणून काय करायचं. ऐकणारे नवखे असले की तो कौलारू घराचं उदाहरण द्यायचा. उंचवटा काढायचा म्हणजे छपराचा मोभ, माथ्यावरचा आडवा वासा, काढायचा. छप्पर वरून उघडं पडतं. मग दोन्ही बाजूंची हाडं मुळाशी कापून आत घ्यायची, म्हणजे वरचा भाग मिटतो. पण त्याखाली हाड नसतं, कूर्चा असते, मऊ. तिथे नाकाच्या मधल्या पडद्यातूनच कूर्चेच्या दोन बारीक पट्ट्या कापून एक डावीकडे, एक उजवीकडे शिवून ठेवायच्या. हा आधार दिला नाही तर पहिले काही महिने सगळं छान दिसतं. सूज उतरली की भिंती आत येतात, हाडांची खालची कड कातडीतून उलट्या व्हीसारखी दिसायला लागते, श्वासही कोंडतो. "पट्ट्या घालायचा कंटाळा करू नका," तो शेवटी बोट उभारून सांगायचा, "नाक सूज असेपर्यंत तुमची बाजू घेतं. नंतर खरं बोलतं." यावर हमखास टाळ्या पडायच्या आणि त्या त्याला आवडायच्या. न आवडायला तो काही संत नव्हता.

दिशा त्याच्याकडे आली ती दिवाळीनंतर. शीळफाट्याच्या अलीकडच्या एका आगरी गावातली मुलगी, नवऱ्यामुलींचा मेकअप करायची. त्या पट्ट्यात हळदी आणि लग्नं म्हणजे केवढा थाट, तिला कामाला तोटा नव्हता. इतरांच्या नाकांवर ती ब्रशनं अशी सावली काढायची की चपटं नाक सरळ दिसावं. स्वतःचा मात्र बाजूनं फोटो काढू द्यायची नाही. नाकाच्या मधोमध चांगला टपोरा उंचवटा होता. तस्साच उंचवटा सोबत आलेल्या म्हातारीच्या नाकावर होता. ही तिची आजी, शकूआजी.

"डाक्टर, यो नाक मीच बिगरवला," शकूआजीनं बसल्या बसल्या सांगून टाकलं. "बारकी व्हती तवा आंघोलीला मीच वरती ओढायची. जरा जास्तीच ओढला."

"अगं आजी, गप ना," दिशा म्हणाली. मग स्वानंदला म्हणाली, "सर, गावात कोणाच्या पण घरात बाळ झालं ना, की पहिल्या आंघोळी आजीच्या पायावर. नाक काढायला तिलाच बोलवतात. तिला वाटतं सगळ्यांची नाकं तिनंच बनवलीत."

एके काळी या घरानं भातशेती केली होती, मिठागरात पाय फोडून घेतले होते. आता जमिनीच्या जिवावर तीन मजली बंगला होता आणि शकूआजीला ग्लासभर पाणीसुद्धा हातानं घ्यावं लागत नव्हतं. पण बाळंतिणीच्या घरून बोलावणं आलं की ती पदर खोचून निघायची. पाटावर पाय लांब करून बसायची, बाळाला पायांवर घ्यायची, तेलाच्या बोटांनी नाकाची चिमूट धरून वर वर न्यायची. पैसे घेतले नाहीत कधी. पण गावातल्या अर्ध्या माणसांकडे बघताना तिच्या चेहऱ्यावर आपण घडवलेल्या मडक्यांकडे बघणाऱ्या कुंभाराचं समाधान असायचं.

स्वानंद हसला. ओढून उंचवटा येत नाही, हे रक्तातून येतं, आरशात बघा म्हणाला. शकूआजीनं मान डोलावली, पण पटलेलं काही दिसलं नाही.

ऑपरेशनच्या दिवशीच संध्याकाळी ठाण्यात स्वानंदचं व्याख्यान होतं. विषय सांगायला नकोच. सकाळची पहिली केस लांबली आणि दिशाला टेबलावर घेईतो दुपार कलली. उंचवटा सुरेख निघाला. हाडं कापून आत घेतली, तीही झकास बसली. राहिल्या त्या पट्ट्या. पडद्यातून कूर्चा काढा, तासा, दोन्ही बाजू सारख्या करा, बारीक टाके घाला. सगळ्यात किचकट, वेळखाऊ काम, आणि झाल्यावर बाहेरून कुणाला दिसतही नाही.

स्वानंदनं घड्याळाकडे बघितलं. शीळफाट्याला एकदा गाडी अडकली की व्याख्यान आटोपलंच म्हणायचं.

"पट्ट्या?" क्षिप्रानं विचारलं.

"हिची कातडी जाड आहे. झाकून जाईल. चालेल."

क्षिप्रा क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. पण ऑपरेशन त्याचं होतं. तिनं पुन्हा विचारलं नाही, आणि त्यानं नाक मिटवलं.

ठाण्याला तो वेळेवर पोचला. व्याख्यान उत्तम झालं. बोट उभारून शेवटचं वाक्य टाकलं तेव्हा नेहमीपेक्षा जास्त टाळ्या पडल्या. त्याचा जुना वर्गमित्र शौनक, ठाण्यातला नाकाचाच डॉक्टर, मिठी मारून म्हणाला, "यार, तुझ्यासारखी शिस्त पाहिजे." लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण तेव्हा त्याला आठवली नाही असं नाही. आठवली, आणि त्यानं जेवणाच्या टेबलाकडे मोर्चा वळवला.

पुढचे काही महिने दिशाचं नाक त्याची बाजू घेत राहिलं. प्लास्टर निघालं, सूज उतरू लागली, नाक सरळ रेघेत आलं. दिशानं पहिल्यांदा बाजूनं काढलेला फोटो टाकला आणि तिची कामं वाढली. तिच्या वडिलांनी, काळुरामनं, हॉस्पिटलात आंब्याच्या पेट्या पाठवल्या. स्वानंदनं आंबे खाल्ले. कातडी जाड होती हेच खरं, असं त्यानं स्वतःला समजावलं.

गणपती झाल्यावर दिशा पुन्हा आली. सोबत शकूआजी होती. दिशाचा चेहरा पूर्ण मेकअपमध्ये होता. खुर्चीत बसल्यावर तिनं पर्समधून ओला रुमाल काढला आणि नाकावरचा मेकअप पुसला.

स्वानंदला फार जवळ जायची गरज पडली नाही. नाकाचा मधला भाग दोन्हीकडून सारखाच आत गेला होता. हाडांची कड कातडीखाली रेखल्यासारखी दिसत होती. उलटा व्ही. त्याच्याच व्याख्यानातला, पडद्यावर दाखवायचा तो फोटो. फक्त हा समोर बसून श्वास घेत होता, आणि तोही नीट घेता येत नव्हता.

"सर, हे काय झालंय?" दिशानं विचारलं. "मी रोज झाकते. क्लायंट पण बघायला लागल्यात. एक जण तर बोलली, तुझंच असं, तर माझं काय करशील."

स्वानंदनं तोंड उघडलं. काय बोलणार होता ते त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात शकूआजीच रडायला लागली.

"माज्याच हातानी झाला डाक्टर. मीच दाबला."

"काय?" दिशा गर्रकन वळली.

"पलास्टर काडला ना, मना वाटला, नाक अजून कच्चा हाय. बारक्या पोराचा असतो तसा. मंग ही झोपली का मी तेल लावून हलूच वरती काडायची. चांगला बसावा म्हनून. डाक्टर बोलले व्हते हात लावू नका. मी लावला. पयल्यांदा पन मीच बिगरवला, आता पन मीच."

दिशा ताडकन उठली. "आजी, तू वेडी आहेस का गं? तुला किती वेळा सांगितलेलं! माझा चेहरा आहे तो, पिठाचा गोळा नाही!"

शकूआजीनं मान खाली घातली. तिचे हात मांडीवर उपडे पडले होते, आणि ती त्यांच्याकडे चोरासारखी बघत होती.

स्वानंदला सगळं कळत होतं. दाबल्यानं हाड फार तर एका बाजूला कलतं. दोन्हीकडून सारखं, नेमकं मधल्या भागात, असं दाबून होत नाही. असं होतं ते आत आधार नसला की. पण सुंठीवाचून खोकला जात होता. त्याला खोटंसुद्धा बोलावं लागणार नव्हतं. एक खरंच वाक्य पुरेसं होतं.

"दाबायला नको होतं, आजी," तो म्हणाला.

एवढंच. मग त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं की पुन्हा ऑपरेशन करून दुरुस्त करता येईल, आणि आपली फी तो घेणार नाही. शकूआजीनं दोन्ही हात जोडले. त्या हातांकडे त्याला बघवेना. तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघत राहिला.

घरी जेवताना त्यानं क्षिप्राला सांगितलं, उगाचच सहज सांगितल्यासारखं. क्षिप्राचा हात ताटातच थांबला.

"आणि तू काय म्हणालास?"

"दाबायला नको होतं म्हणालो. खरंच आहे ना ते?"

"मी तेव्हा दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "माझीही चूक आहेच. पण स्वानंद, त्या आजींच्या माथी तू काय मारून आलास कळतंय का तुला?" तिनं ताट बाजूला केलं. त्यानं जेवण संपवलं, पण काय खाल्लं हे विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

त्यानंतर त्याला लाज वाटायला लागली. आधी थोडी, ऑपरेशन करताना मध्येच आठवण येण्याइतकी. मग जास्त. एका परिसंवादाचं बोलावणं आलं ते त्यानं घसा बसल्याचं कारण सांगून टाळलं. तो घसा बसल्याचं नाटक घरातही करायला लागला, कारण क्षिप्राशी काय बोलायचं हे सुचेना.

दिशा तपासणीला एकटी आली. आजी कशा आहेत, त्यानं विचारलं.

"बरी आहे," दिशा म्हणाली. मग थांबून म्हणाली, "माझ्या दादाला मुलगा झाला. आजी त्याला हात लावत नाही. आम्ही बाहेरून बाई लावलीय आंघोळीला. गावातून बोलवायला येतात ना, तर सांगते, माझ्या हातात दोष आहे. आणि बायका पण आता बोलवत नाहीत, सर. शकूनं नातीचं नाक मोडलं, असं झालंय गावात. मीच रागात सगळ्यांना सांगितलेलं." तिचे डोळे भरले. "बारशाला या. पप्पांनी खास सांगितलंय."

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. दिशा उठून गेली तरी तिनं सगळं ओळखलंय असं त्याला वाटत राहिलं. तिनं काहीच ओळखलं नव्हतं, हे त्याहून वाईट होतं.

बारशाला तो क्षिप्रासोबत गेला. निघतानाच तिला म्हणाला, "आज सांगतो." ती म्हणाली, "सांग."

बंगल्यासमोर मांडव होता. काळुराम स्वतः फाटकापर्यंत आला, डॉक्टरांना पहिल्या रांगेत सोफ्यावर बसवलं. दिवाणखान्यात पाळणा फुलांनी सजला होता. दोन बायका पाळण्याच्या दोन्ही बाजूंना उभ्या राहून बाळाला वरून खालून फिरवायला लागल्या, गोविंद घ्या, गोपाळ घ्या. बाळ देताना एकीनं "आजी, तू ये ना" अशी हाक मारली. शकूआजी भिंतीला टेकून उभी होती. तिनं हात पाठीमागे नेले आणि मान हलवली. दोनचार बायकांनी एकमेकींकडे बघितलं. हाक मारणारीनं पुन्हा आग्रह केला नाही.

ते पाठीमागे नेलेले हात स्वानंदला सहन झाले नाहीत. नाव ठेवून झालं, पेढे वाटायला सुरुवात झाली, तसा तो उभा राहिला.

"मला एक सांगायचंय. दिशाच्या नाकाचं जे झालं ते आजींमुळे नाही. माझ्यामुळे झालं. ऑपरेशनमध्ये जो आधार घालायचा असतो तो मी घातला नाही. आजींचा काही दोष नाही."

पेढ्यांचं ताट फिरायचं थांबलं. आता शिव्या पडतील, कुणी कॉलर धरेल, आणि एकदाचं सुटेल, असं स्वानंदला वाटलं.

काळुराम पुढे आला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. "बघा," तो पाहुण्यांकडे वळून म्हणाला, "याला बोलतात मानूस! आमचे म्हातारीची लाज राखाला दोष सोताचे डोक्यावर घेतला. फी घेत नाय बोलले, तवाच मी वळखला."

"नाही हो, मी खरंच सांगतोय—"

"आमाला कलते डाक्टर. सगला कलते."

काळुरामला पुढच्या निवडणुकीला उभं राहायचं होतं, त्यामुळे घरात शालींचा साठा असायचा. कुणीतरी धावत एक आणली. नारळ आला. स्वानंद नको नको म्हणत असताना त्याच्या खांद्यावर शाल पडली आणि टाळ्या वाजल्या. त्याला टाळ्यांची सवय होती. पण या टाळ्या ऐकताना धरणीनं पोटात घ्यावं असं त्याला वाटलं. क्षिप्रानं टाळ्या वाजवल्या नाहीत. शकूआजी गर्दीतून वाट काढत आली आणि त्याच्या पायाशी वाकली.

"देवमानूस," ती पुटपुटली. "पन मना म्हाईत हाय ना, कोनाचे हातानी झाला ते."

फक्त दिशा हसत नव्हती. ती त्याच्याकडे एकटक बघत होती. मग तिनं आतल्या खोलीकडे मान हलवली. तो शाल सावरत तिच्यामागे गेला, क्षिप्राही गेली. दिशानं दार लोटलं.

"खरं आहे ना ते?"

"हो."

"मॅडम, खरं आहे?"

"हो," क्षिप्रा म्हणाली. "मी तिथेच होते."

दिशाचा हात नाकाकडे गेला आणि खाली आला. "मी आजीला काय काय बोलली, सर. सगळ्यांसमोर बोलली." तिनं दाराकडे बघितलं. "त्या दिवशी तुम्ही एक वाक्य बोललात आणि तिला पटलं. आता गळा फाडून सांगा, नाही पटणार."

"मी काय करू?"

तिनं विचार केला. "माझं ऑपरेशन दुसरीकडे करणार मी. तुमच्या ओळखीचा चांगला डॉक्टर असेल ना? त्यांना आत्ता फोन लावा, स्पीकरवर. डॉक्टर पेशंटशी गोड बोलतात, हे आजीला माहितीय. पण डॉक्टर डॉक्टरशी बोलताना खोटं बोलत नाही, असं तिला वाटतं. मी तिला आणते."

चांगला डॉक्टर एकच होता. स्वानंदनं शौनकचा नंबर काढला. अख्ख्या दिवाणखान्यासमोर बोलणं सोपं होतं, हे त्याला आता कळलं. तिथे पट्ट्या म्हणजे काय हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

शकूआजी आली, मागोमाग काळुरामही. ती पलंगाच्या कडेला बसली.

"बोला नाकसम्राट!" शौनकचा आवाज खोलीभर घुमला.

"शौनक, एक रिव्हिजन केस पाठवतोय, दुसऱ्यांदा करायची. उंचवटा काढलेला, आता मधला भाग खचलाय. उलटा व्ही आलाय."

"कुणी केलेली केस?"

"मी."

"तू? मग पट्ट्या सरकल्या असतील. कुठून घेतलेल्यास? पडद्यात काही शिल्लक आहे का?"

"सगळं शिल्लक आहे. मी पट्ट्या घातल्याच नाहीत."

"एवढा उंचवटा काढून? तू? का रे?"

इथे बरंच काही सांगता आलं असतं. जाड कातडी होती, रक्तस्राव होता. शकूआजी फोनकडे बघत होती.

"त्या दिवशी तुमच्याकडे लेक्चर होतं," स्वानंद म्हणाला. "वेळेवर पोचायचं होतं."

शौनक हसला नाही. तो हसला असता तरी चाललं असतं. दिशा फोनजवळ वाकली. "डॉक्टर, मी पेशंट बोलतेय. प्लास्टर काढल्यावर माझी आजी तेल लावून नाक दाबायची. त्यानं झालं का हे?"

"दाबू नये ते," शौनक सावकाश म्हणाला. "पण त्यानं असं होत नाही. दोन्ही बाजू सारख्याच आत गेल्यात ना? मग आत आधार नव्हता म्हणून झालं. आजींचा काही संबंध नाही."

दिशानं फोन बंद केला. बाहेर मांडवात कुणीतरी गाणी लावली होती. शकूआजीनं आपले हात मांडीवर उलटे सुलटे करून बघितले. मग वर बघितलं.

"तुमाला तवाच म्हाईत व्हता?"

"हो, आजी."

"मी तुमचे समोर रडत व्हती, तवा पन?"

स्वानंदला खाली बघायचं होतं. तिनं बघू दिलं नाही. "हो," तो म्हणाला.

काळुराम एक पाऊल पुढे आला. शकूआजीनं त्याला हातानं थांबवलं. ती उठली, पदर खोचला. स्वानंदच्या जवळून जाताना ती क्षणभर थांबली.

"जेवल्याबिगर जाव नका," ती म्हणाली. "बारशाचा घर हाय."

आणि ती बाळाकडे गेली. स्वानंदला बाहेर पंगतीत बसवलं गेलं. दिशानं स्वतः वाढलं, काही राहिलं नाही ना हे बघून वाढलं, आणि त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. आतून बाळाच्या रडण्याचा आवाज येत होता आणि "आली रं बाला, आली" म्हणत शकूआजी कुणाकडे तरी तेल मागत होती. स्वानंदनं भात कालवला. घास तोंडाशी नेला आणि पुन्हा पानात ठेवला. शेजारी बसलेल्या क्षिप्रानं त्याच्याकडे न बघता म्हटलं, "जेव. पान टाकायचं नाही."

तो जेवला.